भात पिकतं, पण वाळत नाही

सप्टेंबर संपता संपता पालघर, बोईसर, तारापूर, चिंचणी या पट्ट्यातली खाचरं पिवळी पडू लागतात. मृगापासून ज्या पावसाची आळवणी केली, त्यानेच आता काढता पाय घ्यावा, असं शेतकऱ्याला वाटू लागतं. भाताला सगळं आयुष्य पाणी लागतं. नको असतं ते शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत. दाणा भरला, लोंबी वाकली, की त्यापुढे हवं असतं फक्त कोरडं ऊन. दसरा ते दिवाळी हा कापणी-झोडणीचा काळ पिढ्यान्‌पिढ्या याच उन्हाच्या भरवशावर आखलेला आहे. गेल्या काही वर्षांत घोळ झाला आहे तो नेमका याच आठवड्यांत. वर्षाची पावसाची सरासरी पाहिली तर तो डोळ्यांना दिसतही नाही. जिथे दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे ऑक्टोबरातल्या चार सरी म्हणजे किस झाड की पत्ती! पण वर्षाचं भात घालवायला त्या पुरतात.

२०१९ साली हे ठळकपणे दिसलं. त्या वर्षी मोसमी पावसाने वायव्य भारतातून माघारीला सुरुवात केली ती ९ ऑक्टोबरला. हवामान खात्याच्या तोवरच्या नोंदींतली ही सर्वांत उशिराची माघार. पाऊस गेला म्हणून शेतकऱ्यांनी विळे हातात घेतले, तोच दिवाळीत अरबी समुद्रात ‘क्यार’ हे महाचक्रीवादळ उभं राहिलं आणि ते विरायच्या आत ‘महा’ नावाचं दुसरं. दोन्हींपैकी एकही पालघरवर आदळलं नाही. मात्र त्यांच्यामुळे आलेल्या ढगांनी आणि सरींनी कापून ठेवलेलं भात खाचरातच भिजवलं. नोव्हेंबरमध्ये, राज्यात राष्ट्रपती राजवट असताना, राज्यपालांनी खरीप पिकांसाठी हेक्टरी ८,००० रुपयांची, दोन हेक्टरच्या मर्यादेतली मदत जाहीर केली. त्यानंतरच्या वर्षी, २०२० मध्ये, मोसमी पावसाने देशाचा निरोप घेतला तो थेट २८ ऑक्टोबरला. २०२५ च्या ऑक्टोबरात ‘शक्ती’ वादळाच्या इशाऱ्याने पालघरची कापणी पुन्हा टांगणीला लागली.

दाण्याच्या आत काय होतं?

कापणीला आलेल्या भाताच्या दाण्यात २० ते २४ टक्के पाणी असतं. साठवायचं तर ते १४ टक्क्यांपर्यंत खाली आणावं लागतं. म्हणजे २४ टक्के ओलाव्याच्या एका क्विंटल भातातून साधारण साडेअकरा किलो पाणी उडून जायला हवं. मोठ्या गिरण्यांत हे काम वाळवणीची यंत्रं करतात. आपल्याकडे ते ऊन करतं. भात कापायचं, एक-दोन दिवस तिथेच पसरून ठेवायचं, भारे बांधायचे, खळ्यावर आणून उडवी रचायची आणि मग सवडीने झोडायचं, ही सगळी पद्धत म्हणजे फुकटात मिळणारी वाळवणीच आहे.

इथे एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. भात वाळायला पाऊस थांबणं पुरेसं नाही, हवाही कोरडी लागते. दाणा आसपासच्या हवेशी ओलाव्याची देवघेव करत राहतो आणि काही काळाने दोघांचा समतोल साधतो. हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास असेल, तर दाणा १३ टक्क्यांपर्यंत उतरतो. तीच ९० टक्के असेल, तर तो १७-१८ टक्क्यांवरच अडकतो. मग कितीही दिवस पसरून ठेवा. समुद्रकाठच्या गावांत ढगाळ दिवसांत हेच होतं. सरकारी खरेदी केंद्रावर भात घेताना ओलाव्याची कमाल मर्यादा आहे १७ टक्के. म्हणजे पाऊस एक थेंबही पडला नाही, नुसतं आभाळ भरून राहिलं, तरी आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर गेलेलं पोतं परत येऊ शकतं. २०२५-२६ च्या हंगामात साधारण भाताला क्विंटलमागे २,३६९ रुपयांचा हमीभाव जाहीर झाला; मात्र तो या मर्यादेत बसणाऱ्या भातालाच.

पाऊस प्रत्यक्ष पडला तर नुकसान आणखी वेगळ्या वाटांनी होतं. आडव्या पडलेल्या भाताची लोंबी पाण्याला किंवा चिखलाला टेकते. पिकलेला दाणा म्हणजे झोपलेलं रोप. त्याला झोपवून ठेवतं ॲब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक. दाणा भिजला, हवा उबदार असली, की त्याचा जोर ओसरतो आणि जिबरेलिन या दुसऱ्या संप्रेरकाचा वाढतो. मग अमायलेज नावाचं विकर पिठाची साखर करू लागतं आणि अंकुर बाहेर पडतो. लोंबीवरच पांढरे कोंब दिसू लागले, की त्या दाण्यातला पिठूळ साठा खर्ची पडायला लागलेला असतो. असा तांदूळ शिजवला तर चिकट होतो. बियाणं म्हणून तो ठेवता येत नाही आणि गिरणीत त्याचा चुरा होतो.

कोंब आले नाहीत, तरी भिजणं-वाळणं आलटून-पालटून झालं की दाण्याला आतून बारीक तडे जातात. बाहेरून दाणा धडधाकट दिसतो. भरडल्यावर मात्र अख्खा तांदूळ कमी आणि कणी जास्त निघते. ओल्या भाऱ्यांची उडवी रचली तर दाण्यांच्या आणि बुरशीच्या श्वसनाने ती आतून तापते. दुसऱ्या दिवशी हात घालून पाहिलं, तर ऊब सरळ जाणवते. त्यातून निघालेला तांदूळ पिवळट पडतो. पेंढा काळा पडतो, त्याला कुबट वास येतो आणि गुरं तोंड लावत नाहीत. वाडा-पालघरकडचं कापलेलं गवत जे मुंबईच्या तबेल्यांना विकलं जातं, त्याचीही याच दिवसांत वाट लागते.

पाऊस रेंगाळतो कशाने?

माघार घेणारा मोसमी वारा एकाएकी निघून जात नाही. वायव्येकडून कोरडी हवा हळूहळू पुढे सरकते आणि दमट हवेला दक्षिणेकडे रेटते. या सीमेवर अडकलेल्या प्रदेशात दुपारपर्यंत कडक ऊन पडतं, जमीन तापते, समुद्रावरून ओलावा येतच असतो आणि संध्याकाळी विजांसह सर कोसळते. ऑक्टोबरचा हा पाऊस एका शिवारात पडतो आणि बांधापलीकडे पडत नाही, त्याचं कारण हेच. ढग जागच्या जागी वर चढतात, त्यांना लांब वाहून नेणारा जोरदार वारा उरलेला नसतो.

याच महिन्यांत समुद्रही वादळांना अनुकूल होतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या मेधा देशपांडे आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९८२ ते २००० आणि २००१ ते २०१९ या दोन काळांची तुलना केली. अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या दुसऱ्या काळात ५२ टक्क्यांनी वाढल्याचं त्यात दिसलं. बंगालच्या उपसागरात ती किंचित घटली. तापलेला समुद्र हे त्यामागचं मोठं कारण. वादळ किनाऱ्यापासून कित्येक मैल लांबून गेलं, तरी त्याच्यासोबतचे ढग दोन-तीन दिवस आभाळ झाकून ठेवतात. भाताला तेवढं पुरतं.

हवामान खात्याने २०२० मध्ये माघारीच्या सरासरी तारखा नव्याने ठरवल्या. मुंबईसाठी ती २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. आता हिशेब मांडून पाहा. कोकणात भाताचे तीन गट आहेत: हळवं, निमगरवं आणि गरवं. हळवं लवकर तयार होतं, गरव्याला पाच महिन्यांच्या आसपास लागतात. १० जूनला राबात पेरलेलं ११५ दिवसांचं हळवं वाण ३ ऑक्टोबरला कापणीला येतं. जुन्या तारखेप्रमाणे ते पाऊस गेल्यावर पिकत होतं. नव्या तारखेप्रमाणे ते पाऊस असतानाच पिकतं. हळवी वाणं निवडली गेली ती उंचवट्याच्या, लवकर सुकणाऱ्या जमिनीसाठी, पाऊस लवकर संपला तर पीक हाती लागावं म्हणून. तीच आता पावसाच्या तोंडी सापडतात.

एक पीक लांबलं, की पुढचंही

भिजलेल्या शेतात कापणी अडते. पालघर-बोईसर भागातली खाचरं लहान, बांध जवळ जवळ. कापणीचं मोठं यंत्र चिखलात रुततं. माणसांनी कापायचं तर माणसं कुठे आहेत? घरातली तरणीताठी पोरं तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातात. कोरडे दोन दिवस मिळाले आणि ते पाळीचे निघाले, तर भात उभंच राहतं. कापणीची मजुरीही त्याच दोन दिवसांत वाढते, कारण सगळ्यांनाच माणसं हवी असतात.

भात निघाल्यावर त्याच जमिनीत वाल पेरतात, काही जण हरभरा. या पिकांना पाणी द्यावं लागत नाही. जमिनीतल्या अंगओलीवर ती येतात. त्यासाठी वाफसा हवा. माती इतकी ओली नको, की बियाण्याला हवाच मिळू नये आणि ते कुजावं. इतकी सुकलेलीही नको, की नांगराला ढेकळं निघावीत. भारी मातीत ही वेळ थोड्याच दिवसांची असते. ऑक्टोबरचा पाऊस ती पुढे ढकलतो आणि नंतरचं कडक ऊन ती चटकन संपवतं. उशिरा पेरलेल्या वालाला फुलायला थंडी कमी दिवस मिळते आणि फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात शेंगा भरायच्या आत पीक वाळतं.

सूर्या प्रकल्पाचं कालव्याचं पाणी मिळणाऱ्या डहाणू, पालघर, विक्रमगडच्या गावांत शेतकरी उन्हाळी भात घेतात. इथे ओल्या ऑक्टोबरशी थंडीची गाठ पडते. खरिपाचं शेत उशिरा मोकळं झालं, की उन्हाळी भाताची रोपवाटिका ऐन थंडीत सापडते. भाताचं बियाणं २५-३० अंशांच्या उबेत झपाट्याने रुजतं. रात्रीचं तापमान १५ अंशांच्या आसपास घुटमळू लागलं, की रुजणं मंदावतं, रोपं पिवळी आणि खुजी राहतात. यावर कोकणातला जुना उपाय म्हणजे रहू पद्धत. बियाणं भिजवून, गोणपाटात बांधून, पेंढ्याखाली दाबून उबेत मोड आणायचे आणि मगच ते पेरायचं. त्याने सुरुवात सावरते. लावणी लांबलीच असेल, तर मात्र कापणी मेअखेरीस जाते आणि पुन्हा पाऊस गाठतो. या खेपेला वळवाचा.

जगात इतरत्रही असं होतं. २०१९ च्याच ऑक्टोबरात अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात पाऊस आणि बर्फ एकामागोमाग पडले. शेतात यंत्रं उतरवता येईनात, वाळवणीसाठी लागणाऱ्या प्रोपेन वायूचा तुटवडा पडला आणि मक्याचं बरंच पीक बर्फाखाली राहून वसंतात कापावं लागलं. तिथे वाळवणीची यंत्रं होती, तरी त्यांची ही गत झाली. आपल्याकडे तर वाळवणीचं यंत्र म्हणजे सूर्यच.

जूनमध्येच ऑक्टोबरचा विचार

मग करायचं काय? सगळ्यात स्वस्त उपाय पेरणीच्या वेळी करायचा आहे. सगळं शेत एकाच मुदतीच्या वाणाखाली न घालता हळवं, निमगरवं, गरवं यांत वाटून दिलं, तर एका सरीने सगळं जात नाही. वाण निवडताना उत्पादनासोबत कापणीची तारीख मोजावी आणि ती ८ ऑक्टोबरच्या अलीकडे पडते की पलीकडे, ते पाहावं. कापणीच्या आठ-दहा दिवस आधी खाचरातलं पाणी काढून टाकावं. लोंबीतले ८०-८५ टक्के दाणे पिवळे झाले, की सगळे पिवळे व्हायची वाट पाहू नये. अंदाजात सलग तीन कोरडे दिवस दिसले, की तेवढंच कापावं, जेवढं त्याच तीन दिवसांत उचलता येईल. उभं भात एक सर सोसतं, कापलेलं सोसत नाही. भात आडवं पडून लोंब्या भिजल्याच, तर लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम मीठ घालून त्यावर फवारावं, असा सल्ला आंध्र प्रदेशातले कृषिशास्त्रज्ञ वादळानंतर देतात. मिठामुळे दाण्याला पाणी शोषून घेणं जड जातं आणि कोंब लांबतात.

वाणांच्या पातळीवरचा उपाय वेळखाऊ आहे. दाण्याची झोप किती टिकावी, हे जनुकांवर ठरतं. जपानी शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये ‘एसडीआर ४’ नावाचा असा जनुक भारतीय उपखंडातल्या ‘कासालाथ’ या वाणातून शोधून काढला. अशी सुप्तावस्था दोन-तीन आठवडे टिकली, तर ओला ऑक्टोबर पार पडतो. पण तीच फार लांबली, तर खरिपाचं बियाणं उन्हाळी हंगामासाठी वेळेत रुजत नाही. कोकणासाठी वाण तयार करणाऱ्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाला आणि कर्जत-पालघरच्या संशोधन केंद्रांना या दोन्हींचा मेळ घालावा लागेल.

राहता राहिला विमा. केंद्राच्या पीक विमा योजनेत कापून शेतात पसरलेल्या पिकाला १४ दिवस संरक्षण देण्याची तरतूद आहे. नुकसानीची खबर ७२ तासांत द्यायची असते. खरीप २०२५ पासून महाराष्ट्राने हे संरक्षण वगळलं आणि भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या सरासरी उत्पादनावर ठेवली. त्या प्रयोगात उभं पीक कापून, झोडून, तिथल्या तिथे तोललं जातं. चार दिवसांनी शेजारच्या खाचरात पसरलेलं भात पावसात भिजलं, तर त्याची नोंद त्या काट्यावर होत नाही. पालघरचं नुकसान होतं ते नेमकं त्या चार दिवसांत. कापणीनंतरचं ते १४ दिवसांचं संरक्षण राज्याने परत आणावं. निदान जिथे भात उन्हात वाळतं, त्या कोकणासाठी तरी.