रक्त गाळणारे पोकळ तंतू

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रोग्यास बहुधा आठवड्यातून तीनदा, दर खेपेस सुमारे चार तास, यंत्राच्या साहाय्याने रक्त शुद्ध करून घ्यावे लागते. हैदराबादच्या पंजागुट्टा भागातील निझाम वैद्यकीय विज्ञान संस्थेत असे रोगी नित्य दिसतात. खाटेशेजारच्या यंत्रावर वीतभर लांबीची एक पारदर्शक नळी उभी बसविलेली असते. तिला डायलायझर म्हणतात. रोग्याचे प्राण जिच्यावर अवलंबून आहेत, त्या नळीत असते तरी काय?

तिच्यात शिवणाच्या दोऱ्याएवढे बारीक असे सुमारे दहा हजार तंतू असतात आणि प्रत्येक तंतू आतून पोकळ असतो. पोकळीचा व्यास सुमारे 0.2 मिलिमीटर. भिंतीस इतकी सूक्ष्म छिद्रे असतात की त्यांतून युरियासारखी घाण बाहेर पडते. परंतु रक्तपेशी आणि मोठी प्रथिने आतच राहतात. या सर्व भिंती उलगडून पसरल्या तर दीड चौरस मीटर क्षेत्र भरते. मात्र पोकळ्यांत एका वेळी मावणारे रक्त अवघे 80 मिलिलिटरच्या आसपास असते. मिनिटाला 300 मिलिलिटर रक्त सोडले, तर ते सुमारे पंधरा सेकंदांत या टोकाचे त्या टोकास पोचते.

तंतूंच्या बाहेरून मिनिटाला सुमारे 500 मिलिलिटर शुद्धिद्रव उलट दिशेने वाहतो. दिशा उलट का? रक्त जसजसे स्वच्छ होत जाते, तसतसा त्यास अधिक ताजा द्रव भेटतो. त्यामुळे दोहोंतील फरक शेवटपर्यंत टिकतो आणि घाण बाहेर ओढली जाते. दोन्ही प्रवाह एकाच दिशेने सोडले, तर हा फरक वाटेतच ओसरतो.

मग तंतू याहून बारीक का करू नयेत? 1840 च्या सुमारास प्वाझय या फ्रेंच वैद्याने बारीक नळ्यांतील प्रवाहाचा नियम शोधला. त्यानुसार नळीचा व्यास निम्मा केला, तर तेवढाच द्रव ढकलण्यास सोळापट दाब लागतो. उलटपक्षी तंतू जाड केले, तर मधल्या रक्तातील घाणीस भिंतीपर्यंत पोचण्यास फार वेळ लागतो आणि शरीराबाहेर अधिक रक्त खेळवावे लागते. योजकास या दोहोंमधला मार्ग काढावा लागतो.

दुसरी अडचण शेतकऱ्यास सहज समजेल. बांध नीट नसला की पाटाचे पाणी एकाच सरीतून धावते आणि बाजूचा वाफा कोरडा राहतो. तंतूंची जुडी कोठे दाट, कोठे विरळ झाली की शुद्धिद्रवही विरळ वाटेनेच पळतो आणि दाट भागातील रक्त अर्धवट शुद्ध होते. म्हणून पुष्कळ डायलायझरांत तंतू किंचित नागमोडी ठेवतात, म्हणजे ते एकमेकांस चिकटत नाहीत. दोन्ही टोके राळेत घट्ट बसवून सपाट कापतात, जेणेकरून प्रत्येक तोंड उघडे राहील.

भिंतीस घाण कोणती हे कळत नाही. लहान कण दोन्ही बाजूंनी ये-जा करतात. चार तासांत सुमारे 120 लिटर शुद्धिद्रव रक्तालगत वाहतो. हैदराबादशेजारचा नलगोंडा जिल्हा भूजलातील फ्लोराइडसाठी प्रसिद्ध आहे. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने तुरटी व चुना वापरून फ्लोराइड काढण्याची जी रीत सिद्ध केली, तिला त्याच जिल्ह्याचे नाव आहे. पिण्यास चालणारे पाणीही येथे पुरेसे शुद्ध नसते. त्यातील फ्लोराइड तंतूंतून थेट रक्तात जाऊ शकते. यासाठी ते पाणी आधी दाबाने दुसऱ्या पटलातून गाळावे लागते.

पवईच्या आयआयटीत प्रा. जयेश बेल्लारे यांच्या चमूने रक्तशुद्धीच्या पोकळ तंतूंवर संशोधन केले आहे. हैदराबादेत तारनाका येथील भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेतही पटलांचा अभ्यास चालतो. निरोगी माणसाची मूत्रपिंडे हेच काम अहोरात्र, निमूटपणे करतात. रक्तदाब आणि मधुमेह हे त्यांचे दोन मोठे शत्रू. त्यांना वेळीच आवर घातला, तर पुष्कळांवर या नळीपर्यंत येण्याची पाळीच येणार नाही.