रंगीत बेडकांचे विष



पहिला पाऊस झाला की आपल्या ओढ्यात पिवळेधमक बेडूक डरांव डरांव करतात. यंदा आम्ही पोरं त्यांना दगड मारत होतो. मला वाटलं, एवढा पिवळा म्हणजे विषारीच असणार! गुरुजींनी पाहिले. म्हणाले, "अरे, विणीच्या दिवसांत नर बेडूक पिवळे होतात. त्यांना विष नाही. खरे विषारी बेडूक तिकडे अमेरिकेच्या जंगलात असतात." त्यांनी दिलेल्या पुस्तकात वाचले ते सांगतो.

मध्य आणि दक्षिण अमेरिकेत भरपूर पावसाची घनदाट जंगले आहेत. तेथे लाल, निळे, पिवळे असे छोटे बेडूक राहतात. आपला नेहमीचा बेडूक मातकट असतो, कारण त्याला बगळ्यापासून लपायचे असते. हे मात्र दिवसाढवळ्या उघड्यावर हिंडतात! त्यांच्या कातडीत विष असते. एखाद्या पक्ष्याने असा बेडूक एकदा तोंडात धरला की वाईट चवीने तो लगेच थुंकतो. पुन्हा तो रंग दिसला की लांबच राहतो. म्हणजे रंग ही धोक्याची पाटीच झाली.

सर्वांत जहाल बेडूक कोलंबिया देशात सापडतो. तो सोनेरी असतो. लांबी फक्त ५ सेंटिमीटर! १९७८ साली शास्त्रज्ञांनी त्याला जे नाव दिले, त्याचा अर्थच 'भयंकर' असा आहे. त्याचे विष रक्तात गेले तर हृदय बंद पडते. तेथील एम्बेरा लोक शिकारीसाठी फुंकनळीच्या बाणाचे टोक या बेडकाच्या पाठीवर घासत.

आता खरी गंमत ऐका. हे विष बेडूक स्वतः बनवत नाही. जंगलातल्या मुंग्या व बारीक किडे खाऊन ते त्याच्या अंगात साठते. माणसांनी पाळलेल्या बेडकांची पिल्ले दुसरे किडे खाऊन वाढतात. त्यांचा रंग तसाच असतो, पण विष नसते! म्हणजे बेडकाचे हत्यार जंगलातच आहे. जंगल तोडले की हत्यारही गेले आणि घरही गेले. सोनेरी बेडकाची गणना आज संकटात सापडलेल्या प्राण्यांत होते.

आपल्या ओढ्यातल्या बेडकाजवळ तर असले हत्यारही नाही. बिचारा फक्त उडी मारू शकतो. शिवाय तो पिकावरचे किडे खातो. म्हणून आम्ही हातातले दगड टाकून दिले. तुम्हीही मारू नका, आणि घरी धाकट्या भावंडांना सांगा.

— इयत्ता सहावीचा एक विद्यार्थी