ताकदीची गोळी कोणी घ्यावी, कोणी नको?

"डॉक्टर, एखादं ताकदीचं इंजेक्शन द्या, म्हणजे बरं वाटेल." ही मागणी ऐकली नाही असा दिवस दवाखान्यात जात नाही. काही महिन्यांपूर्वी साठीच्या एक निवृत्त शिक्षिका आल्या, त्याही हेच म्हणाल्या. दोन वर्षे थकवा होता. वयामुळे असेल म्हणून घरच्यांनी टॉनिकच्या बाटल्या आणल्या, रक्तवाढीच्या गोळ्या झाल्या. मी सहज विचारले, "बाई, पायांना मुंग्या येतात का?" त्या म्हणाल्या, "मुंग्यांचं काय घेऊन बसलात! चालताना पायातली चप्पल निसटते, ते कळतही नाही."

त्या पूर्ण शाकाहारी. दूध फक्त चहापुरते. शिवाय दहा वर्षे मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी चालू. रक्त तपासले, तेव्हा बी-१२ या जीवनसत्त्वाची मोठी कमतरता निघाली.

जीवनसत्त्व म्हणजे ताकद नव्हे

प्रथम एक गैरसमज दूर करू. ताकद मिळते ती भाकरी, डाळ, तेल, दूध यांतून. जीवनसत्त्वे ही बैलगाडीच्या चाकातील वंगणासारखी. वंगण संपले तर चाक कुरकुरते, पण दुप्पट वंगण घातले म्हणून गाडी दुप्पट वेगाने पळत नाही. प्रमाणही किती अल्प! एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यांतील साधारण अडीच भाग, एवढेच बी-१२ मोठ्या माणसाला रोज लागते.

पण तेवढे मिळाले नाही तर रक्त कमी होते, जीभ लाल व गुळगुळीत होते, हातापायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो, विसराळूपणा वाढतो. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत असते. धान्ये, डाळी, पालेभाज्या यांत ते नसते. यकृतात त्याचा काही वर्षे पुरेल एवढा साठा असतो, त्यामुळे कमतरता हळूहळू येते आणि लोक तिला म्हातारपण समजतात.

मुंबईतला एक शोध

लूसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर 1928 साली मुंबईत आल्या. गिरणगावातील गरीब गरोदर स्त्रियांमधला एक प्रकारचा रक्तक्षय यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे त्यांनी 1931 साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी घटक म्हणजे आजचे फॉलिक ॲसिड. गरोदर स्त्रियांना लोहाबरोबर ते दिले जाते, ते योग्यच आहे.

मात्र येथे एक खाचखळगा आहे. बी-१२ कमी असताना नुसते फॉलिक ॲसिड घेतले, तर रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते. म्हणून रक्तवाढीच्या गोळ्या मनाने सुरू करू नयेत. तसेच तपासणीआधीच बी-१२चे इंजेक्शन घेतले, तर रक्तातील प्रमाण वाढलेले दिसते आणि निदान चुकते.

गोळी कोणाला लागते?

● दूधही न घेणारे किंवा अगदी थोडे घेणारे शाकाहारी, वृद्ध माणसे, मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणारे, पोटाची शस्त्रक्रिया झालेले : यांनी बी-१२ची तपासणी करावी.

● गरोदर स्त्रिया : लोह व फॉलिक ॲसिड. फॉलिक ॲसिड गर्भ राहण्याच्या आधीपासून घेतलेले उत्तम. बाळाच्या पाठीच्या कण्यातील दोष टाळण्यास त्याची मदत होते.

● नऊ महिने ते पाच वर्षांची मुले : शासकीय कार्यक्रमात दर सहा महिन्यांनी मिळणारा 'अ' जीवनसत्त्वाचा डोस चुकवू नये.

● दिवसभर घरात किंवा दुकानात बसणारे, हाडे दुखणारे : 'ड' जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना विचारावे.

बाकी, दोन वेळा चौरस जेवणाऱ्या निरोगी माणसाने रोज रंगीत गोळी गिळण्याचे कारण नाही.

अति तेथे माती

बी आणि सी ही जीवनसत्त्वे पाण्यात विरघळतात, त्यामुळे जादा झालेली बहुतांशी लघवीवाटे निघून जातात. म्हणजे पैसे मोरीत! अ, ड, ई आणि के यांचे तसे नाही. ती चरबीत विरघळतात आणि शरीरात साठतात. 'ड'ची साठ हजार युनिटची गोळी सहसा आठवड्यातून एकदा, ठराविक आठवड्यांपुरती घ्यायची असते. कुणी ती रोज घेतली, तर रक्तातील कॅल्शियम वाढते. मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान ही लक्षणे दिसतात आणि मूत्रपिंडालाही इजा होऊ शकते. गरोदरपणात 'अ'चे मोठे डोस पोटातील बाळाला घातक ठरतात. तेव्हा शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याची चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात जाऊ नका.

त्या शिक्षिकाबाईंना बी-१२ची इंजेक्शने दिली. दोनेक महिन्यांत रक्त भरले, थकवा गेला, त्या पुन्हा सकाळी फिरायला जाऊ लागल्या. पायाच्या बोटांतील बधिरपणा मात्र पूर्ण गेला नाही. दोन वर्षे आधी तपासणी झाली असती, तर कदाचित तोही गेला असता. तुमच्या घरात कुणाला असा थकवा आणि पायांना मुंग्या असतील, तर टॉनिकची बाटली आणण्याआधी त्यांना डॉक्टरांकडे न्या.