कोवळं ऊन आणि बाळाची हाडं

तेल लावून बाळाला सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात धरलं, की हाडं मजबूत होतात, असं घरोघरी मानलं जातं. त्या वेळचं ऊन सुखद असतं, पण ड जीवनसत्त्वाच्या कामी फारसं येत नाही. त्वचेत हे जीवनसत्त्व तयार होतं ते अतिनील-बी किरणांमुळे, आणि सूर्य क्षितिजाजवळ असताना ही किरणं बहुतांशी वातावरणातच अडतात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते, तेव्हाच ती पुरेशी मिळतात. बंद खिडकीच्या काचेतून तर ती जवळजवळ येतच नाहीत. म्हणून तान्ह्याला दुपारी उन्हात न्यावं का? मुळीच नाही, त्याची त्वचा नाजूक असते. त्याला ड जीवनसत्त्वाचे थेंबच द्यावेत.

भारतासारख्या उन्हाच्या देशात मुडदूस, म्हणजे मुलांची हाडं मऊ पडून वाकण्याचा आजार, कसा होईल, हा प्रश्न जुना आहे आणि त्याचं उत्तर नाशिक परिसरातूनच मिळालं होतं. हचिसन आणि शहा या डॉक्टरांनी 1922 मध्ये आपली तिथली पाहणी प्रसिद्ध केली. सकस खाणाऱ्या, पण बायका-मुलांना पडद्याआड ठेवणाऱ्या सुखवस्तू घरांत मुडदूस आढळला; गरिबांची मुलं निकृष्ट अन्नावर वाढत होती, पण उघड्यावर खेळत असल्यामुळे बरीचशी वाचली होती. आज फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या मुलांकडे पाहताना मला ही पाहणी फार महत्त्वाची वाटते. देशव्यापी पोषण सर्वेक्षणात (2016-18) एक ते चार वर्षांच्या सुमारे 14 टक्के मुलांत ड जीवनसत्त्वाची कमतरता दिसली.

‘आईचं दूध पाजतोय, मग वेगळं काही कशाला?’ आईच्या दुधाला तोड नाही, ते पाजायलाच हवं. पण त्यात ड जीवनसत्त्व फार थोडं असतं. आईलाच कमतरता असेल तर आणखी कमी. म्हणून बालरोगतज्ज्ञ पहिलं वर्षभर रोज 400 युनिट द्यायला सांगतात. बाटलीवरचा आकडा जरूर वाचा: काही थेंबांत एका मिलिलिटरला 400 युनिट असतात, काहींत 800. बाटली बदलली की मात्राही बदलते. जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं, उलट्या, बद्धकोष्ठता होते, मूत्रपिंडाला इजा पोहोचते. मनाने मोठ्या मात्रेची इंजेक्शनं घेऊ नयेत.

नाचणीची पेज उत्तम. तिच्यात कॅल्शियम भरपूर असतं, पण ड जीवनसत्त्वाविना आतडं त्यातलं थोडंच शोषतं. उलट, आहारात कॅल्शियमच नसेल तर ड पुरेसं असूनही मुडदूस होऊ शकतो.

आणि पाय वाकडे दिसले म्हणजे मुडदूसच, असंही नाही. दोन वर्षांपर्यंत दोन्ही पायांत सारखा, थोडा बाक असणं स्वाभाविक आहे. पण मनगटं रुंद झाली, बरगड्यांवर मण्यांसारख्या गाठी हाताला लागल्या, दीड वर्षानंतरही टाळू भरली नाही, दात किंवा चालणं लांबलं, तर लगेच दाखवा. काही तान्ह्यांत तर पहिलं लक्षण झटका येणं हेच असतं. एक्स-रे आणि रक्ततपासणीतून निदान होतं. वेळेवर औषध सुरू केलं तर अनेक मुलांची हाडं शस्त्रक्रियेविना सरळ होतात.