दरडीचा पल्ला

बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधला सगळ्यांत मोठा चढ म्हणजे अगरा उड्डाणपुलाचा. आखीव सेक्टर, सपाट रस्ते, कडेला तलाव. इथं पावसाळ्यात पाणी तुंबण्याची धास्ती असते, दरडीची कुणालाच नसते. तरीही ही वस्ती डोंगराला दोन वाटांनी बांधलेली आहे. एक वाट नळाची. शंभर किलोमीटरवरून पंपांनी चढवून आणलेल्या कावेरीच्या पाण्यावर हे शहर जगतं. तिच्या उगमाशी, तळकावेरीला, ऑगस्ट २०२० मध्ये ब्रह्मगिरीचा उतार सुटला आणि पुजाऱ्यांचं घर आतल्या माणसांसकट गाडलं गेलं. दुसरी वाट सुट्टीची. शुक्रवारी रात्री इथून कोडगू, वायनाड, गोकर्णकडे गाड्या निघतात.

गोकर्णाच्या उत्तरेला गंगावळी समुद्राला मिळते. धारवाडकडून येताना हिलाच बेडती म्हणतात. मुखापासून थोडं आत, अंकोला तालुक्यातल्या शिरूरला, नदी आणि डोंगर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीतून राष्ट्रीय महामार्ग ६६ जातो. रुंदीकरणासाठी डोंगराचा पायथा कापलेला होता. १६ जुलै २०२४ च्या सकाळी तो उतार खाली आला. चहाची टपरी, थांबलेले टँकर, माणसं, सगळं ओढलं जाऊन नदीत गेलं. अकरा जणांचे प्राण गेले.

पावसानं माती जड होते आणि म्हणून घसरते, असं आपण सहज म्हणतो. हे अर्धंच खरं. मुरलेलं पाणी कणांच्या फटींत साचून दाब धरतं आणि कणांना एकमेकांपासून उचलून धरतं. ज्या घर्षणावर उतार उभा असतो, तेच नाहीसं होतं. पायथा कापलेला असला की खालचा टेकूही उरत नाही.

पण शिरूरचा खरा धडा पलीकडच्या काठावर आहे. राडारोडा एका दमात नदीत शिरला तेव्हा तिथलं पाणी लाट होऊन समोरच्या उळवरे गावावर चढलं. घरं मोडली, एका बाईचा जीव गेला. त्या गावावर कोणतीही दरड कोसळली नव्हती. नदीच्या मधोमध मातीचा ढीग उभा राहिला, प्रवाह वळला, आणि बुडालेला एक ट्रक बाहेर काढायला गोव्याहून ड्रेजर आणावा लागला. तोवर २५ सप्टेंबर उजाडला होता.

महाराष्ट्रात आपण दरड मोजतो ती गाडलेल्या गावानं: माळीण २०१४, तळीये २०२१, इर्शाळवाडी २०२३. इर्शाळवाडीत २७ मृतदेह मिळाले आणि ५७ जण बेपत्ता असतानाच शोध थांबवावा लागला. या तिन्ही ठिकाणी वरचं ओझं पायथ्याच्या वस्तीवर आलं, म्हणून आपल्या डोळ्यांपुढे दरड म्हणजे डोंगर आणि त्याखालचं गाव एवढंच चित्र राहतं. माझ्या मते हे चित्र अपुरं आहे. दरड किती मोठी, हे सुटलेल्या मातीपेक्षा तिला खाली कोणता ओढा मिळतो यावरून ठरतं.

वायनाडनं ते दाखवलं. ३० जुलै २०२४ च्या मध्यरात्रीनंतर सुमारे १५५० मीटर उंचीवर उतार सुटला. इस्रोच्या उपग्रहचित्रांवरून सुटलेला भाग सुमारे ८६ हजार चौरस मीटर भरला. पण ओढ्यात शिरल्यावर तो चिखल आणि धोंडे वाटेतला काठ खात, पात्र रुंदावत सुमारे आठ किलोमीटर धावले. मुंडक्कै आणि चूरलमला ही गावं त्या वाटेवर होती. अडीचशेहून जास्त माणसं गेली. कित्येकांचे देह खाली चालियार नदीत, शेजारच्या मलप्पुरम जिल्ह्यात सापडले. त्याच जागी जुन्या घसरणीचा व्रण आधीच्या चित्रांत दिसत होता, आणि १९८४ मध्येही मुंडक्कैला दरड आली होती.

हिमालयात हिशेब आणखी मोठा. १८९३ मध्ये गढवालमधल्या गोहना इथं अख्खा डोंगर बिरही गंगेत कोसळला आणि नदीवर अडीचशे मीटरहून उंच बांध उभा राहिला. मागं तलाव साचू लागला. इंग्रज अभियंत्यांनी बांध कधी फुटेल याचा अंदाज बांधला, हरिद्वारपर्यंत तारयंत्राची तार ओढली, काठ रिकामे केले. ऑगस्ट १८९४ मध्ये बांध फुटला, गढवालमधलं श्रीनगर शहर वाहून गेलं, पण इशारा न मानता परतलेल्या एका फकिराचं कुटुंब सोडलं तर कुणी दगावलं नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीचं हे काम मला आजच्या कित्येक आपत्ती आराखड्यांपेक्षा सरस वाटतं. उरलेला तलाव १९७० च्या पुरात गेला. पामीरमध्ये मात्र १९११ च्या भूकंपानं मुर्गाब नदीत पाडलेला ५६७ मीटर उंचीचा बांध अजून उभा आहे, आणि त्याच्या मागं सरेझ सरोवर.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवण भागांचे नकाशे आणि ‘भूसंकेत’ पोर्टल सर्वांसाठी खुलं आहे. एचएसआरमधून कोडगू-वायनाडला जागा बघायला किंवा होमस्टे ठरवायला जाणाऱ्यांनी ते आधी उघडावं. प्रत्यक्ष जागेवर फक्त मागचा डोंगर पाहून समाधान मानू नये. शेजारचा ओढा कुठून येतो, त्याच्या पात्रात घराएवढे धोंडे पडलेत का, ते पाहावं. असतील, तर ते कधीतरी वरूनच आलेले आहेत. तिथं मुक्काम करू नका.