मोफत डिजिटल साहित्य आणि प्राथमिक शाळेचा वर्ग

पाचवीच्या वर्गात फळ्यावर १/३ आणि १/४ असे दोन अपूर्णांक लिहावेत आणि मोठा कोणता, ते विचारावे. बरीच मुले न अडखळता १/४ म्हणतात. हीच मुले दुकानात पाव किलो आणि अर्धा किलो यांत कधी गल्लत करत नाहीत. पण 'पाव' या शब्दात चारचा आकडा दिसत नाही. फळ्यावर तो दिसतो, आणि तिनापेक्षा चार मोठे हे तर पहिलीपासून घोटून घेतलेले असते. म्हणजे ही चूक न शिकल्याची नाही. शिकलेले भलत्या जागी लावल्याची आहे. 'छेद मोठा तर अपूर्णांक लहान' असे सांगून टाकले की ती दबते, जात नाही. समोर ३/४ आणि २/३ आले की पाठ केलेला तोच नियम मुलाला पुन्हा फसवतो.

हे उदाहरण मुद्दाम घेतले, कारण त्यासाठी एक उत्तम साधन इंटरनेटवर मोफत आहे. नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वाइमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात 'फेट' हा प्रकल्प सुरू केला. त्यात गणित आणि विज्ञानाची सिम्युलेशन्स, म्हणजे हाताने बदलता येणारी चित्रे आहेत. अनेक मराठीतही आहेत. अपूर्णांकांच्या चित्रात छेदाचा आकडा वाढवला की वर्तुळाचे भाग वाढतात आणि प्रत्येक भाग डोळ्यांदेखत बारीक होत जातो.

आता हे वर्गात दोन प्रकारे दाखवता येते. पहिला प्रकार आपल्या परिचयाचा : गुरुजी भिंतीवर चित्र लावतात, बोट दाखवून समजावतात, शेवटी 'कळलं का?' विचारतात आणि वर्ग एका सुरात 'हो' म्हणतो. दुसऱ्या प्रकारात पडदा आधी बंदच असतो. प्रत्येक मूल पाटीवर आपले उत्तर आणि त्याचे कारण लिहिते. पाट्या वर होतात. मग छेद दोनवरून तीन केला जातो आणि तिथेच थांबून विचारले जाते : आता चार केला तर तुकड्याचे काय होईल? मुले बोलतात, भांडतात, एखादा पाटी हळूच पुसतो. त्यानंतरच चार. आधी अंदाज, मग निरीक्षण, मग त्या दोहोंतल्या फरकाचे स्पष्टीकरण, ही पद्धत रिचर्ड व्हाइट आणि रिचर्ड गनस्टोन यांनी १९९२ च्या आपल्या पुस्तकात सविस्तर मांडली आहे. अंदाज लेखी असावा लागतो. तोंडी असेल तर उत्तर दिसताच 'मी हेच म्हणत होतो' असे सगळेच म्हणतात. (मोठी माणसेही म्हणतात.) चित्र तेच, पण दुसऱ्या वर्गात मुलाला आपले चुकीचे उत्तर स्वतःच्या अक्षरात समोर दिसते. त्याच तासात भाकरीच्या आकाराचा कागद घडी घालून फाडायला दिला, तर ते हातालाही कळते.

साधन पोहोचले म्हणजे शिक्षण पोहोचले, या समजाची मोठी परीक्षा पेरू देशात झाली. तिथल्या सरकारने ग्रामीण प्राथमिक शाळांतील मुलांना लॅपटॉप दिले. त्यांत सुमारे २०० पुस्तकेही भरलेली होती. ३१९ शाळांच्या पाहणीचा अहवाल २०१२ मध्ये आला : गणित आणि भाषेच्या गुणांत वाढ आढळली नाही, वाचनाची सवयही बदलली नाही. याउलट दिल्लीत सहावी ते नववीच्या मुलांसाठी शाळेनंतरच्या केंद्रांत एक संगणकीय कार्यक्रम वापरला गेला. त्याचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हींत स्पष्ट प्रगती दिसली. हा कार्यक्रम मूल कोणत्या इयत्तेत बसते ते न पाहता त्याला नेमके कुठपर्यंत येते ते तपासून तिथून पुढे नेत होता. तो मोफत मिळणारा नव्हता, आणि मुलेही प्राथमिकच्या पुढची होती. पण त्याचे मर्म, म्हणजे मुलाला काय येते ते आधी शोधणे, पाटी-पेन्सिलीनेही साधता येते.

महाराष्ट्रात साहित्याची वाण नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० मध्ये त्यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाले. २०१७ मध्ये केंद्र सरकारचा 'दीक्षा' मंच सुरू झाला. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर तर रोज इतक्या लिंका येऊन पडतात की उघडून पाहायलाच सवड होत नाही. खरी महागाई इथे आहे. चार मिनिटांची चित्रफीत निवडायची तर दहा पाहाव्या लागतात, उच्चार आणि चुका तपासाव्या लागतात, मध्येच जाहिरात येणार नाही याची खात्री करावी लागते. शाळेत रेंज नसेल तर आदल्या रात्री घरी उतरवून घ्यावे लागते, तेही बहुधा स्वतःच्या डेटावर.

'मोफत' या शब्दाचाही उलगडा करायला हवा. पाहायला मोफत असणे वेगळे आणि बदलायला मोकळे असणे वेगळे. बालभारतीची पुस्तके पीडीएफ रूपात विनामूल्य मिळतात, पण त्यांचे हक्क मंडळाकडे राखीव आहेत. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर'वरील गोष्टी मात्र मुक्त परवान्याखाली आहेत : लेखक-चित्रकारांचे नाव कायम ठेवून त्या छापा, भाषांतर करा, सोप्या करा. धडगावच्या शिक्षकाला याची किंमत विचारावी. पहिलीत पावरी बोलणारे मूल येते आणि पुस्तक प्रमाण मराठीत बोलते. त्या शिक्षकाला मुलांच्या आयांना विचारून एका गोष्टीची पावरी आवृत्ती करता येते, चित्रे तयारच असतात. आठ-दहा पानांची अशी एक गोष्ट त्या वर्गाला शंभर तयार चित्रफितींपेक्षा अधिक उपयोगी आहे, असे माझे मत आहे. बदलण्याची परवानगी नसती तर हे काम करता आले नसते.

पडद्याचा आणखी एक उपयोग पडदा बंद करण्यासाठी होतो. पुण्याच्या आयुकामधील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षे काम केलेल्या अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांच्या छोट्या फिती मोफत ठेवल्या आहेत, मराठीतूनही. शिक्षकाने फीत घरी पाहावी आणि वर्गात आगपेटीच्या काड्या, सायकलची जुनी व्हॉल्व्ह ट्यूब घेऊन जावे. मुलांना फीत दाखवायची गरजही पडत नाही.

राहतो प्रश्न वेळेचा, आणि तो एकट्या शिक्षकाने सोडवायचा नाही. आपल्याकडे केंद्रस्तरावर शिक्षण परिषदा भरतात. तिथे परिपत्रके वाचण्यातला अर्धा तास काढून प्रत्येक शाळेने वर्गात वापरून पाहिलेले एकच साधन आणावे. सोबत अर्ध्या पानाची नोंद : कोणत्या घटकासाठी वापरले, कुठे थांबवले, काय विचारले. आणि मुलांनी पाट्यांवर लिहिलेली चुकीची उत्तरे, जशीच्या तशी.