इच्छा कोणाची आणि बोलतो कोण?

पुण्यात जपानी भाषा शिकणाऱ्यांचा आता तोटा राहिलेला नाही. रानडे इन्स्टिट्यूट, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ अशा ठिकाणी तिचे शिक्षण मिळते. आमच्या एका नातीनेही गेल्या पावसाळ्यात ही भाषा आरंभिली असून, रोज सायंकाळी तिची उजळणी ऐकण्याचे काम आपोआप आमच्याकडे आले आहे. जन्मभर शाळेत संस्कृत शिकविलेल्या मनुष्यास परक्या व्याकरणाची गोडी लागावी ह्यात नवल नाही. परंतु त्यातील ‘इच्छा’ ह्या एका प्रकरणाने आम्हांस व्याकरणाबाहेरचाही धडा दिला. तो वाचकांपुढे ठेवावा म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम घरची भाषा पाहू. ‘मी पाणी इच्छितो’ असे आपण बोलत नाही. ‘मला पाणी हवे’ असे म्हणतो. लाडू हवा, पोळी हवी, पाणी हवे. रूप बदलते ते वस्तूप्रमाणे, आणि इच्छा करणारा ‘मला’ होऊन चतुर्थीत बाजूस उभा राहतो. ‘पाहिजे’ हे रूप तर ‘पाहणे’ ह्या धातूचे जुने कर्मणि रूप होय. जपानीतही काहीसे असेच आहे. ‘हवे’ ह्या अर्थाचा ‘होशिई’ हा शब्द तेथे क्रियापद नसून विशेषण आहे. ‘ओचा गा होशिई’ म्हणजे चहा हवा. आणि कर्तृपदास लागणारा ‘गा’ येथे चहास लागतो!

वस्तू नव्हे, क्रिया हवी असेल तर धातूच्या अंगास ‘ताइ’ जोडावयाचा. ‘नोमु’ म्हणजे पिणे. ‘नोमिताइ’ म्हणजे प्यावेसे वाटते. ‘नोमिताकु नाइ’ म्हणजे प्यावेसे वाटत नाही. संस्कृतज्ञ वाचकांस येथे सन्नन्त प्रक्रियेची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. पिण्याची इच्छा ती पिपासा, जाणण्याची ती जिज्ञासा, मोक्षाची इच्छा धरणारा तो मुमुक्षु. आजाऱ्याची आपण करतो ती ‘शुश्रूषा’देखील मूळची ऐकण्याची इच्छाच. पाणिनीने तिसऱ्या अध्यायाच्या आरंभीच हा सन् सांगताना अट घातली आहे की, इच्छा करणारा आणि क्रिया करणारा एकच असला पाहिजे. शिष्यांनी पढावे अशी गुरूची इच्छा असेल तर तेथे सन् चालत नाही. जपानीतही ‘ताइ’ स्वतःच्या क्रियेपुरताच. दुसऱ्याने काही करावे असे वाटल्यास ‘ते होशिई’ ही निराळी रचना. हे साम्य पाहून आम्हांस मोठा आनंद झाला.

परंतु पुढे वाट फुटते. संस्कृतात ‘तो पिपासति’ असे आपण खुशाल म्हणतो; मराठीतही ‘त्याला जायचे आहे’ म्हणताना जीभ अडखळत नाही. जपानी मनुष्य मात्र सामान्यतः तसे बोलत नाही. दुसऱ्याच्या मनातील इच्छा आपणांस दिसत नाही, दिसतात ती चिन्हे, असा त्या भाषेचा कटाक्ष. म्हणून ‘मला जायचे आहे’ हे ‘इकिताइ’. पण दुसऱ्याविषयी ‘इकितागात्ते इरु’, म्हणजे जाण्याची इच्छा असल्याचे दर्शवीत आहे. किंवा ‘इकिताइ तो इत्ते इरु’, म्हणजे जायचे आहे असे म्हणत आहे. वडीलधाऱ्यांस तर ‘आपणांस चहा प्यावासा वाटतो काय?’ असे ‘ताइ’ लावून विचारणेही अप्रशस्त. ‘चहा कसा काय?’ अशा अर्थाने ‘ओचा वा इकागा देसु का’ म्हणावयाचे.

आता घरची गोष्ट. शनिवार पेठेतील आमचा वाडा पाडून तेथे नवी इमारत बांधावी असा मुलांचा आग्रह तीन वर्षे चालला आहे. आमचे उत्तर ठरलेले असे: “तुमच्या आईला वाडा सोडायचा नाही.” हेच वाक्य आम्ही नातीस जपानीत करावयास दिले. तिने पेन्सिल उचलली आणि थांबली.

“आजोबा, आजी तसं म्हणाली का, की तसं तुम्हांला दिसतं?”

“त्याने काय फरक पडतो?”

“वाक्य बदलतं ना!”

आम्ही निरुत्तर झालो. सौभाग्यवतीने असे म्हटल्याचे काही केल्या आठवेना. चिन्हे म्हणावी, तर तीही दिसली नव्हती. रात्री पाने वाढताना तिलाच विचारले. ती क्षणभर थांबून म्हणाली, “मला रोज संध्याकाळी ओंकारेश्वराला जावंसं वाटतं. पण बावीस पायऱ्या उतरल्या की परत चढवत नाहीत, म्हणून दोन वर्षं घरातच बसते. लिफ्टचं घर झालं तर बरंच होईल. पण तुम्ही सगळ्यांना सांगत होता, तेव्हा मी कशाला मध्ये बोलू?”

वाडा सोडावयाचा नव्हता तो आम्हांस. आमच्या वडिलांची बैठक, अंगणातील तुळस, माडीची ती खिडकी ह्यांचा मोह आमचा. आणि तो बोलून दाखविण्याचा संकोच वाटून आम्ही तो तिच्या नावे घातला. इच्छा एकाची, कर्तृपद दुसऱ्याचे! विद्यार्थ्याने अशी चूक केली असती तर आम्ही तांबडी शाई ओतली असती.

एकत्र कुटुंबात अशी वाक्ये उठता-बसता निघतात. ‘तिला काही नको असते’, ‘त्यांना बाहेरचे चालत नाही’, ‘धाकटीला पुढे शिकायचे नाही’. बोलणाऱ्याचा हेतू वाईट असतोच असे नाही. पण ज्याच्याविषयी बोलले जाते तो बहुधा गप्प बसतो, आणि काही वर्षांनी ते वाक्यच खरे ठरते. अशा वेळी नातीचा तो साधा प्रश्न घरच्या मंडळींनी एकमेकांस विचारावा एवढीच आमची सूचना आहे: ती तसे म्हणाली, की तसे दिसते?

वाड्याच्या कागदांवर आम्ही अद्याप सही केलेली नाही. मोह एका रात्रीत सुटत नाही. मात्र मुलांस उत्तर देताना आता आम्ही ‘मला’ म्हणतो, आणि शेजारी बसून सौभाग्यवती तिचे उत्तर स्वतः देते.